देवळालीच्या सरांचा नंबर : ६१७४

चेलाडी फाट्यावर तुम्ही एसटीची वाट बघत उभे आहात. वेल्ह्याच्या गाडीला अजून वेळ आहे, भोरची मघाशीच खचाखच भरून गेली. मोबाइलला रेंज आहे, पण आजचा डेटा संपलाय. अशा वेळी काय करता? समोरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचता. खोटं बोलू नका, सगळेच वाचतात.

आज नुसते वाचू नका, एक काम करा. कुठल्याही गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे घ्या. चारही आकडे सारखे नकोत, एवढी एकच अट. समजा, ७३१६ नंबरची बाइक गेली. हे चार आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा : ७६३१. आता लहानाकडून मोठ्याकडे : १३६७. मोठ्यातून लहान वजा करा. आले ६२६४. आता त्याच्यावर पुन्हा तेच : ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. अजून एकदा : ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४.

आणखी पुढे जाऊन बघा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. परत केलं तरी ६१७४. गाडी तिथेच थांबली, आता ती हलणार नाही.

दुसरी गाडी घ्या, तिसरी घ्या, दुधाचा टेम्पो घ्या. जास्तीत जास्त सात वजाबाक्या, आणि उत्तर ६१७४. (मधेच तीनच आकडे उरले तर पुढे शून्य लावायचं. ९९९ आले तर ०९९९ धरायचे.) चारही आकडे सारखे असलेली गाडी, म्हणजे ११११ किंवा ९९९९, मात्र पहिल्याच वजाबाकीत शून्यावर येते. म्हणजे ज्या नंबरांसाठी लोक आरटीओत जादा पैसे मोजतात, नेमके तेच नंबर या खेळात बाद!

ही गोष्ट जगात पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आली, ते कुठल्या परदेशी विद्यापीठातले प्रोफेसर नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे एक मराठी मास्तर होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. या संख्येला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

मी बारावीनंतर गणिताला रामराम ठोकला, तेव्हा पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. त्यामुळे मास कॉमची पदवी घेतलेल्या मुलीने गणितज्ञावर लिहायचं म्हणजे जरा जास्तच झालं, हे मलाही कळतं. पण कापरेकरांबद्दल वाचत गेले तसं लक्षात आलं की ही फक्त गणिताची गोष्ट नाही. तालुक्याच्या गावात राहून, हाताशी फारसं काही नसताना, एखाद्या गोष्टीच्या मागे आयुष्यभर लागता येतं का, याची ही गोष्ट आहे. आणि हा प्रश्न भोर-वेल्ह्यातल्या आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी पडलेला असतो.

डहाणूचा मुलगा

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरं की खोटं हा वाद बाजूला ठेवू, पण त्यात आकडेमोड भरपूर असते. घरातल्या त्या आकडेमोडीतून लहान दत्तात्रयाला आकड्यांची गोडी लागली. आठ वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी वाढवलं. हायस्कूल ठाण्याला झालं. तिथे त्याचा वेळ तासन् तास कोडी सोडवण्यात जायचा.

१९२३ मध्ये तो पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आला. आपल्याकडची कितीतरी मुलं आजही हेच करतात. बॅग भरतात, स्वारगेटला उतरतात आणि शहराच्या गर्दीत मिसळून जातात. १९२७ मध्ये, विद्यार्थी असतानाच, स्वतंत्र गणिती कामासाठी त्याला रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाला.

इथपर्यंतची गोष्ट वाचून तुम्हाला पुढचं चित्र दिसायला लागलं असेल. आता एम.एस्सी., मग डॉक्टरेट, मग विद्यापीठात खुर्ची. तसं काहीही झालं नाही. बी.एस्सी. हीच त्यांची शेवटची पदवी. १९३० मध्ये ते देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शाळेतच शिकवत राहिले. बत्तीस वर्षं.

शाळेत गणित शिकवायचं, आणि उरलेल्या वेळात संख्यांचा पिच्छा पुरवायचा. ना संशोधनाचा पगार, ना मार्गदर्शक, ना हाताखाली कोणी. आज आपण ज्या वजाबाक्या मोबाइलवर करतो, त्या त्यांनी वहीत केल्या. कॅल्क्युलेटर खिशात असण्याचा तो काळ नव्हता.

गावांची नावं लागलेल्या संख्या

त्यांची एक सवय मला फार आवडली. ते संख्यांना आपल्या ओळखीच्या जागांची नावं द्यायचे.

१११११११११, म्हणजे नऊ वेळा एक, या संख्येचा वर्ग करा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि तसंच पायऱ्या मोजत खाली उतरायचं. तोरण्यावर जाऊन आल्यासारखं. या घराण्यातल्या संख्यांना त्यांनी नाव दिलं डेम्लो संख्या. का? तर मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्टेशनवर त्यांना या संख्यांचा शोध घ्यायचं सुचलं, ते डेम्लो, म्हणजे आजचं डोंबिवली. लोकलची वाट बघणाऱ्या माणसाला याहून चांगला टाइमपास सापडला असेल असं वाटत नाही.

दुसरं उदाहरण. तुमचा रोल नंबर घ्या आणि त्यात त्याचेच अंक मिळवा. २३ असेल तर २३ + २ + ३ = २८. मग २८ + २ + ८ = ३८. मग ४९, मग ६२, मग ७०. अशी साखळी पुढे पुढे जात राहते. २८ चा जन्म २३ पासून झाला असं म्हणूया. पण काही संख्या अशा आहेत, की त्या कुठल्याच संख्येपासून अशा जन्मत नाहीत. २०, ३१, ४२, ५३, ६४. कितीही शोधा, यांना आईबाप नाहीत. कापरेकरांनी यांना स्वयंभू संख्या म्हटलं, आणि देवळाली संख्या हेही त्यांचंच नाव. १९६३ मध्ये त्यांनी या संख्यांवर एक पुस्तिका देवळालीतूनच काढली.

त्यांचं स्वतःचं नाव लागलेल्या कापरेकर संख्याही आहेत. ४५ चा वर्ग २०२५. आता त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज ४५. तसंच ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ बरोबर ५५. आणखी मोठं उदाहरण हवं असेल तर १४२८५७ घ्या. वर्ग येतो २०४०८१२२४४९. तुकडे २०४०८ आणि १२२४४९. बेरीज पुन्हा १४२८५७.

आणि हर्षद संख्या. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. २४ च्या अंकांची बेरीज ६, आणि सहाने २४ भागले जातात. मघाची ती सतरा अंकी डेम्लो संख्या आठवतेय? तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने ती पूर्ण भागली जाते. म्हणजे तीही हर्षद. संख्येला आनंद देणारी म्हणणारा माणूस वर्गात कसा शिकवत असेल, याचा मी बराच वेळ विचार करत बसले होते.

६१७४ मध्ये एवढं काय आहे?

१९४९ मध्ये कापरेकरांनी मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ ची गंमत मांडली. आदल्याच वर्षी, १९४८ मध्ये, आपलं भोर संस्थान विलीन झालं होतं. पुढे १९५५ मध्ये या संख्येवरचा त्यांचा लेख परदेशातल्या गणिती नियतकालिकात छापून आला.

पण हे होतं कसं? जादू आहे का? नाही. आणि मला विचाराल तर खरी मजा इथे आहे.

चार आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावले. वजाबाकीत फक्त दोन गोष्टींना महत्त्व असतं. पहिला आणि चौथा आकडा यांच्यातला फरक, आणि मधल्या दोघांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा, बेरीज करा, झाली तुमची वजाबाकी. ७६४१ मध्ये बाहेरचा फरक ७ वजा १ म्हणजे ६, आतला फरक ६ वजा ४ म्हणजे २. ९९९ गुणिले ६ म्हणजे ५९९४, ९० गुणिले २ म्हणजे १८०. बेरीज? ६१७४.

आता बघा, बाहेरचा फरक १ ते ९ यांपैकी काहीतरी असणार. आतला फरक ० पासून बाहेरच्या फरकाइतका, त्याहून जास्त नाही. अशा जोड्या मोजल्या तर भरतात फक्त ५४. म्हणजे ०००० ते ९९९९ मधल्या दहा सारख्या अंकांच्या संख्या काढून टाकल्या की उरतात ९९९०, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या पहिल्याच वजाबाकीत ५४ दारांतून आत शिरतात. या ५४ संख्या घेऊन बसा आणि प्रत्येकीची वाट काढा. वहीची काही पानं लागतील. सगळ्या वाटा ६१७४ ला येऊन मिळतात. झाली सिद्धता! मोठमोठी सूत्रं नाहीत, नुसती चिकाटी.

मीही बसले. गणिताला रामराम केल्यानंतर पहिल्यांदाच, परीक्षा नसताना. दोन ठिकाणी वजाबाकी चुकली, पुन्हा केली. ५४ व्या संख्येलाही ६१७४ आलं, तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मला शाळेत कधीच वाटलं नव्हतं असं काहीतरी वाटलं. नाव सांगता येणार नाही, पण चांगलं होतं.

दोन अंकांना असा एकच मुक्काम नाही. तिथे ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असं चक्र फिरत राहतं. तीन अंकांना आहे, ४९५. पाच अंकांना पुन्हा एकच मुक्काम नाही, चक्रंच आहेत. चार अंकांना मात्र आहे. शिवाय ६१७४ स्वतः हर्षद आहे. अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागलं की ३४३, म्हणजे ७ गुणिले ७ गुणिले ७. आणखी एक : १८ चा घन, १८ चा वर्ग आणि १८, म्हणजे ५८३२, ३२४ आणि १८, यांची बेरीज करा. ६१७४!

फक्त स्वयंभू असण्याचा मान तिला नाही. ६१५६ मध्ये त्याचेच अंक मिळवा, ६१७४ येतात. म्हणजे तिचा जन्मदाता आहे.

याचा उपयोग काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. कापरेकरांच्या वेळच्या अनेक विद्वानांच्याही मनात आला होता. आपल्याकडच्या गणितज्ञांपैकी बऱ्याच जणांना हे काम किरकोळ वाटायचं. आकड्यांचे खेळ, गणित नव्हे.

त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हतं असं नाही. ६१७४ ची गंमत आपण दहाच्या पद्धतीत आकडे लिहितो म्हणून आहे. माणसाला आठच बोटं असती आणि आपण आठाच्या पद्धतीत मोजलं असतं, तर ६१७४ ला कुणी विचारलं नसतं. हा गुण संख्येचा कमी, ती लिहिण्याच्या आपल्या रीतीचा जास्त.

पण मला वाटतं, ती रीतही आपलीच आहे ना? रोज हजारो वेळा आपण ते आकडे लिहितो, वाचतो, खपवतो. त्यांच्या आत एवढी शिस्त दडलेली आहे हे कुणाला दिसलं नव्हतं. एका मास्तरांना दिसलं. कारण ते बघत होते.

किंमत मात्र त्यांनी मोजली. लेख छापून यायचे ते बहुतेक लहान नियतकालिकांत. बाकीच्या पुस्तिका स्वतःच काढायच्या. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. पेन्शन तुटपुंजी, त्यात भागेना. निवृत्तीनंतर या माणसाने गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन घर चालवलं. हे मी गोड करून सांगणार नाही. आवडीचं काम करत राहा, पैसा आपोआप येईल, असं सांगणाऱ्या रील्स आपण रोज बघतो. कापरेकरांच्या बाबतीत पैसा आला नाही.

नाव आलं, तेही उशिरा. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्यांवर लिहिलं. गार्डनरांचं सदर जगभरातले गणितवेडे वाचायचे. देवळालीच्या सरांचं नाव एकदम सगळीकडे गेलं. तेव्हा सर सत्तर वर्षांचे होते. नाव होवो न होवो, त्यांचं काम आधीही चालू होतं, नंतरही राहिलं. १९८६ मध्ये ते गेले.

आज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना सरावासाठी जे छोटे प्रोग्रॅम देतात, त्यांत हा ६१७४ चा खेळ हमखास असतो. तुमच्यापैकी कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी तो कदाचित लिहिलाही असेल, हे नाव नाशिक जिल्ह्यातलं आहे हे माहीत नसताना.

आता आपल्याकडे या

भोरचा पिनकोड ४१२२०६. शेवटचे चार घ्या, २२०६. वाट अशी : ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. सहा पावलं. तोरण्याची उंची १४०३ मीटर. ४३१० वजा ०१३४ म्हणजे ४१७६, आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. दोन पावलांत तोरणा सर! वेल्ह्यातून चढताना जो दम लागतो त्याच्या मानाने फारच स्वस्तात.

आपण नेहमी म्हणतो, इथे राहून काय होणार? लायब्ररी पुण्यात, क्लास पुण्यात, संधी पुण्यात. ते खोटं नाही. रोज दीड-दोन तास एसटीत काढणाऱ्याला ते मी सांगायची गरज नाही. पण कापरेकर पुण्यात शिकून देवळालीला गेले आणि देवळालीत बसून त्यांनी देवळालीचं नाव गणितात नेऊन ठेवलं. भोर संख्या किंवा वेल्हे संख्या अजून कुणी शोधलेली नाही. जागा मोकळी आहे.

जाता जाता एक वजाबाकी. कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५. करून बघा : ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोबर सात पावलं. जास्तीत जास्त जितकी लागू शकतात तितकी. आता ते गेले ते वर्ष, १९८६. ९८६१ वजा १६८९ म्हणजे ८१७२. म्हणजे पहिल्याच पावलात ते जन्मवर्षाच्या वाटेला येऊन मिळतं, आणि तिथून दोघं मिळून ६१७४ पर्यंत जातात.

याचा अर्थ काही नाही, हे मला माहीत आहे. ५४ दारांतूनच सगळ्यांना जायचं असेल तर कुणी ना कुणी वाटेत भेटणारच. तरी हे वहीत उतरलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ नुसती त्या ८१७२ कडे बघत राहिले.

तुमची एसटी आली. चढा. जागा मिळाली तर तिकिटावरचे शेवटचे चार आकडे बघायला विसरू नका.